बियाण्याची वंशावळ : भाताची वाणे आणि डीएनएच्या खुणा



देवस्थानच्या महाजनांची नोंदवही ज्यांनी एकदा तरी बारकाईने चाळली असेल, त्यांच्या हे निश्चितच ध्यानात आले असेल, की केवळ आडनावावरून घराणे ठरत नाही. एकच आडनाव लावणारी दोन कुटुंबे मूळची निरनिराळ्या गावांची असू शकतात. उलटपक्षी, कैक पिढ्यांपूर्वी गोवा सोडून कारवार, मंगळूर, कोची अशा ठिकाणी स्थायिक झालेली आणि तेथे नवी नावे धारण केलेली कुटुंबे एकाच मूळपुरुषाची संतती असू शकतात. म्हणूनच नोंदीच्या वेळी आडनावाबरोबर गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि वांगड यांचीही विचारपूस करण्यात येते. स्थलांतराने आणि काळाने ज्या सहसा पुसल्या जात नाहीत अशा या खुणा होत. शेतातील बियाण्याची वंशावळ लावण्याचा असाच एक मार्ग गेल्या साडेचार दशकांत विज्ञानाने सिद्ध केला आहे. त्या मार्गाचा परिचय करून देणे आणि महाजन कुटुंबांच्या शेतजमिनींशी त्याचा काय संबंध पोहोचतो हे सांगणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

गोव्याच्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या पेरलेल्या भातांची नावे पाहावीत : कोरगूट, आसगो, दामगो, खोचरी, पाटणी, जिरेसाळ, बेळो. काही नावे दाण्याच्या आकारावरून पडली, काही टरफलाच्या रंगावरून, तर काही ज्या ठिकाणाहून बी आले त्यावरून. या नावांमागे शेकडो वर्षांचा अनुभव साठलेला आहे आणि तो अनुभव खोटा नव्हे. परंतु बी हातोहात जाते. लेक सासरी जाताना, कूळ एका भाटकाराकडून दुसऱ्याकडे जाताना, बाजारात अदलाबदल होताना बियाण्याबरोबर नाव जाते किंवा वाटेत बदलते. एका गावचे कोरगूट आणि दुसऱ्या गावचे कोरगूट एकच असेल असे नाही. आणि दोन गावांत दोन नावांनी ओळखले जाणारे बी वस्तुतः एकच असू शकते. अशा स्थितीत एखाद्या प्रदेशात भाताची खरोखर वेगळी वाणे किती, हा प्रश्न नावांची यादी करून सुटत नाही.

हा प्रश्न सोडविण्याची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. तेथील गरीब जनता मुख्यतः एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होती आणि बटाट्याची लागवड कंदापासून होत असल्याने शेतोशेतीचे रोप एकाच रक्ताचे होते. जे एकाला मारू शकले त्याने सर्वांना मारले. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मृत्युमुखी पडली. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही १९७० साली मक्यावर असेच संकट आले. संकरित बी सोयीने निपजावे म्हणून तेथील बियाणे कंपन्यांनी बहुतेक मक्यासाठी एकाच मातृवंशाचा आधार घेतला होता. त्या वंशावर तुटून पडणारी बुरशी फैलावली आणि देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के उत्पन्न एका हंगामात बुडाले. बाहेरून कणसे निरनिराळी दिसत असली तरी आतला धागा एकच होता, हे लक्षात येईतो उशीर झाला होता.

भाताची कथा याहून निराळी नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली ‘आयआर ८’ हे ठेंगणे वाण प्रसृत केले. भारतात १९६८ साली ‘जया’ आले. या वाणांनी आशियाची भूक भागवली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि, खत दिले तरी आडवे न पडण्याचा जो ठेंगणेपणाचा गुण या दोहोंत आणि त्यांच्या असंख्य वंशजांत आहे, तो तैवानमधील ‘डी-जिओ-वू-जेन’ या एका जुन्या वाणापासून आला आहे. कोट्यवधी एकरांवर पसरलेल्या पिकाच्या वंशावळीत एकच पूर्वज वारंवार येऊ लागला. १९७० च्या दशकात या ठेंगण्या भातांवर गवती खुजेपणा आणणाऱ्या विषाणूचा हल्ला झाला, तेव्हा त्याला तोंड देणारा गुण लागवडीतील भातांत सापडेना. संस्थेने आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांतील एकाच नमुन्यात तो गुण आढळला आणि तो नमुना होता उत्तर प्रदेशात गोळा केलेल्या एका रानटी भाताचा. त्याच्या आधारे गुरुदेव खुश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली घडवलेले ‘आयआर ३६’ हे वाण १९७६ साली प्रसृत झाले आणि पुढे एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले. डबक्याच्या काठचे ते रानटी भात कोणी मूठभर गोळा करून ठेवले नसते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

संकटाच्या वेळी उपयोगी पडणारा गुण कोणत्या बियाण्यात लपलेला असेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून शक्य तेवढे वैविध्य राखून ठेवावे लागते. आणि राखावयाचे तर आधी ते मोजता आले पाहिजे. पूर्वी हे मोजमाप रोपाच्या बाह्य रूपावरून होत असे : उंची किती, लोंबी केवढी, दाणा लांबट की आखूड. परंतु रूप हे मातीवर, पाण्यावर आणि हवेवरही अवलंबून असते. एकच बी खाजनात खुजे राहील आणि मोरडावर उंच वाढेल. पुढे रोपातील विकरांच्या भिन्न रूपांवरून वर्गवारी करण्याची रीत निघाली. फ्रेंच शास्त्रज्ञ ग्लाझमान यांनी १९८७ साली आशियातील १,६८८ वाणांचा असा अभ्यास करून त्यांचे सहा गट पाडले. विकर ही जनुकांची निपज होय. तेव्हा त्यांच्याही मागे जाऊन प्रत्यक्ष जनुकांचे लिखाण वाचावे, ही पुढची पायरी होती.

हे लिखाण म्हणजे डीएनए. त्याची लिपी चारच अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. भाताच्या पेशीतील बारा गुणसूत्रांच्या एका संचात ही अक्षरे सुमारे ३९ कोटी आहेत. भारतासह अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचे हे संपूर्ण लिखाण २००५ साली प्रसिद्ध केले. दोन वाणांच्या पोथ्या ताडून पाहिल्या तर बहुतेक मजकूर सारखा असतो. मधूनच एखादे अक्षर बदललेले, गळलेले किंवा पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळते. हस्तलिखित पोथ्यांचा अभ्यास करणारा विद्वान जसा लेखनिकांच्या चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. ज्या ठिकाणी वाणावाणांत फरक आढळतो, अशा जागांना डीएनए मार्कर, म्हणजेच डीएनएच्या खुणा, असे म्हणतात.

या खुणा हुडकण्याच्या रीती हळूहळू सुलभ होत गेल्या. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी डीएनएचे विकरांनी तुकडे करून त्यांच्या लांबीवरून फरक ओळखण्याची पद्धत मांडली. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या इवल्याशा अंशाच्या लक्षावधी प्रती काही तासांत काढण्याची ‘पीसीआर’ ही युक्ती शोधली आणि तीबद्दल त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे भाताच्या अभ्यासात विशेष रूढ झालेली खूण म्हणजे पुनरुक्तीची खूण. डीएनएत काही ठिकाणी ‘जीए, जीए, जीए’ अशी दोन-तीन अक्षरांची आवर्तने येतात. एका वाणात ती बारा असतील तर दुसऱ्यात अठरा. अशा २,२४० खुणांचा भाताचा नकाशा २००२ साली प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. कोवळ्या रोपाचे बोटभर पान खुडून कुटतात आणि त्यातील डीएनए वेगळा काढतात. पीसीआर यंत्राने केवळ त्या खुणेपुरत्या भागाच्या असंख्य प्रती काढतात. समुद्रशेवाळापासून बनविलेल्या पदार्थाच्या खरवसासारख्या पातळ थरात त्या घालून विजेचा प्रवाह सोडला की आखूड तुकडे पुढे धावतात आणि लांब तुकडे मागे राहतात. विशिष्ट प्रकाशाखाली ते पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. बारा आवर्तनांचा पट्टा पुढे आणि अठरांचा मागे, एवढे हे सरळ आहे. अर्थात एका खुणेवरून निवाडा करीत नाहीत. पंचवीस, पन्नास, कधी शेकडो खुणा तपासून कोणत्या दोन वाणांत साम्य किती याचे कोष्टक मांडतात आणि त्यावरून वंशवृक्ष काढतात. आता तर एकेका अक्षराचे फरक थेट वाचले जातात. ८९ देशांतील ३,०१० भातांचे असे वाचन २०१८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत एकाक्षरी फरकाच्या सुमारे २ कोटी ९० लाख जागा आढळल्या.

या अभ्यासाने काही जुन्या समजुती बदलल्या. २००५ साली अमेरिकेत २३४ भातांचा १६९ पुनरुक्ती-खुणांच्या साहाय्याने अभ्यास झाला आणि त्यांचे पाच गट स्पष्ट दिसून आले. बासमती लांब दाण्याचा आणि भारतीय भूमीतला. तेव्हा तो इंडिका कुळातलाच असणार, असे कोणालाही वाटावे. परंतु खुणांनी सांगितले की, बासमतीचे आप्त जॅपोनिका कुळाच्या अधिक जवळचे आहेत. त्याच वर्षी सुवासाच्या जनुकाचाही उलगडा झाला. आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील आठ अक्षरे गळाल्याने ते निकामी होते आणि तांदळाला सुवास येतो. बासमती आणि थायलंडचा जास्मिन या दूरदूरच्या तांदळांत नेमकी तीच आठ अक्षरे गळालेली आहेत. एकच चूक दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे करण्याचा संभव थोडा. तेव्हा हे सुगंधी जनुक एकाच ठिकाणी उद्भवून तेथून पसरले, असा निष्कर्ष निघतो.

या ज्ञानाचा व्यवहारातही उपयोग झाला. बासमती म्हणून परदेशी विकल्या जाणाऱ्या तांदळात हलका तांदूळ मिसळला जात असे आणि डोळ्यांना तो ओळखू येत नसे. हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्राने पुनरुक्ती-खुणांवर आधारलेली कसोटी तयार केली आणि त्यायोगे भेसळ पकडणे शक्य झाले. याहूनही मोठा उपयोग नवी वाणे घडविण्यात आहे. ओडिशातील एका देशी वाणातून निवडलेले ‘एफआर १३ ए’ हे भात पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे तग धरते. पण त्याचे उत्पन्न कमी. त्याच्या या गुणाचे जनुक २००६ साली निश्चित झाले. आंध्रच्या ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणाशी संकर करून, प्रत्येक पिढीत हजारो रोपे पाण्यात बुडवून पाहण्याऐवजी, पानातील खूण तपासून योग्य रोपे निवडण्यात आली. असे सिद्ध झालेले ‘स्वर्णा-सब १’ २००९ साली भारतीय शेतकऱ्यांच्या हाती आले. गोव्यातून दक्षिणेस गेलेली काही महाजन कुटुंबे ज्या कोचीच्या आसमंतात स्थिरावली, तेथील खाऱ्या शेतांत ‘पोक्कळी’ भात होते. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावरील ‘सॉलटोल’ नावाचा भाग मिठाचा मारा सोसण्यास साहाय्य करतो आणि खारफुटीच्या जमिनींसाठी वाणे घडविणारे शास्त्रज्ञ आज त्याच्या खुणांचा आधार घेतात.

येथे विषय गोव्याच्या खाजनांपाशी येऊन पोहोचतो. नद्यांच्या भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून आणि मानशीच्या दारांनी आवरून गावकऱ्यांनी ही शेते शतकानुशतके उभी केली. अशी जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर मानली जाते. तेथे पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघाल्यावर पेरायचे भात म्हणजे मुख्यतः कोरगूट. बांध फुटून खारे पाणी आत आले असता जया किंवा ज्योती जळून जाते. कोरगूट उत्पन्न थोडे देते, पण देते. जुने गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही खाजनासाठीची वाणे सिद्ध केली आहेत.

एका कोरगुटातून दोन वाणे निघाली, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे प्रत्येक रोपाची संतती जवळजवळ हुबेहूब आईसारखी निपजते. शेतकऱ्याच्या कणगीतले देशी बी मात्र एका रोपाची संतती नसते. अनेक घराण्यांचा तो एक गाव असतो. कोणी मीठ अधिक सोसतो, कोणी लवकर पिकतो, कोणी वाऱ्यात उभा राहतो. बाहेरून सगळे कोरगूटच. आतला भेद डीएनएच्या खुणाच दाखवतात. म्हणून एखाद्या गावचे कोरगूट सरकारी शीतगृहात जमा आहे, तेव्हा बाकीचे गेले तरी चालेल, असे म्हणता येत नाही. एका शेतातले मूठभर बी म्हणजे साऱ्या गावाची शिरगणती नव्हे. नमुना घ्यावयाचा तर अनेक गावांतून, अनेक शेतांतून आणि एकेका शेतातील अनेक लोंब्यांतून घ्यावा लागतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक खुणा डीएनएच्या अशा भागात असतात की ज्यांचा पिकाच्या गुणावगुणांशी काहीच संबंध नसतो. दोन वाणे भिन्न आहेत एवढे त्या सांगतात. त्यांतील कोणते पेजेला गोड लागते, कोणत्याचे पोहे चांगले होतात, कोणते कमी पावसात तगते, हे सांगत नाहीत. ते ज्ञान पेरणाऱ्याकडे आणि रांधणाऱ्याकडे असते. पानाचा तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि त्याबरोबर ते ज्ञान टिपून घेतले गेले नाही, तर अर्धी पोथी हरवली असेच समजावे. शिवाय खूण ही नोंद होय. नोंदीने वंश चालत नाही. नोंदवहीत घराण्याचे नाव असले आणि घरात दिवा लावणारे कोणी उरले नाही, तर त्या नावाचा उपयोग किती, हे महाजनांना निराळे सांगावयास नको.

बियाण्याच्या बाबतीत हा काळ फार थोडा असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत कणगीतले भात दोन-तीन वर्षांत उगवण्याची शक्ती गमावते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक-कोशात उणे १८ अंश सेल्सियस तापमानात तेच बी दशकानुदशके जिवंत राहते. परंतु तेथे न पोहोचलेल्या बियाण्याचे आयुष्य केवळ पेरणाऱ्याच्या निश्चयावर अवलंबून आहे. आज कित्येक खाजने पडीक आहेत. मजूर मिळत नाही, मुले मुंबई-पुण्यास किंवा परदेशी आहेत, मानशीच्या दारांची डागडुजी वेळेवर होत नाही, आणि पडक्या बांधाआड खारफुटी वाढते आहे. ज्या घराने तीन पावसाळे आपले जुने भात पेरले नाही, त्या घरचे ते बी बहुधा संपले. ते दुसऱ्या कोणाकडे होते की नाही, हे कोणी मोजलेले नसेल तर काय गेले हेही कळणार नाही.

याबाबतीत महाजन कुटुंबांच्या हाती पुष्कळ आहे. भाद्रपदात नव्या भाताच्या लोंब्या घरी आणून पूजण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. त्या लोंब्या कोणत्या भाताच्या, बी कोणाकडचे आणि ते किती पिढ्या घरात आहे, एवढे प्रश्न त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना आणि शेत कसणाऱ्या कुळांना विचारून उत्तरे लिहून ठेवली, तरी एका गावची यादी तयार होईल. ज्यांच्याकडे जुने बी आहे त्यांनी ते निदान एका वाफ्यात दरवर्षी पेरावे, आणि त्यातील मूठभर लोंब्या, नाव-गावाच्या चिठ्ठीसह, जुने गोव्याच्या संशोधन संस्थेकडे सुपूर्द कराव्यात. २००१ सालच्या वनस्पती-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या समूहाला आपले परंपरागत वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते. आणि आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही त्याच कायद्याने मान्य केला आहे. अशा नोंदणीत वाणाचे वेगळेपण सिद्ध करावे लागते, आणि तेथे डीएनएच्या खुणांची साक्ष उपयोगी पडते. म्हणजे जी विद्या एरवी दूरच्या प्रयोगशाळेची वाटते, ती खाजनाच्या मालकाच्या आणि कुळाच्याही कामास येऊ शकते.

देवस्थानच्या नोंदवहीत नव्या पिढीची नावे चढत राहावीत म्हणून मागील पिढ्यांनी किती जपणूक केली, ते सर्वजण जाणतात. त्याच पिढ्यांनी ज्या बियाण्याच्या पेजेवर दिवस काढले, त्याचीही एक वही उघडली जावी, हीच या प्रसंगी महाजन मंडळींना विनंती आहे. यंदाच्या सरद पिकाची पेरणी होण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या कणगीत काय उरले आहे ते एकदा पाहावे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.